एका बोटाची फट

एकबोटे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ठाण्यात नवा आलेला शिपाई मात्र सुरुवातीला तसंच समजायचा आणि हजेरीपटात त्या नावाचा माणूस सापडेना की गोंधळून जायचा. जुने लोक हसायचे. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की हवालदारांना हे आडनाव जन्माने नाही, कर्माने मिळालंय.

ते कर्म असं. हातकडी घालताना मनगट आणि लोखंड यांच्यात थोडी फट ठेवायची असते. बोटाचं टोक आत जाईल इतकी, असं प्रशिक्षणात शिकवतात. एकबोट्यांचं अख्खं बोट आत जायचं, आणि बोट तरी कसलं, केळ्याएवढं. ते घालून ते कडी गोल फिरवून बघायचे आणि मग किल्लीच्या टोकाने बारीक खीळ दाबायचे. ती खीळ दाबली की कडी आणखी आवळत नाही. "दुखतंय का?" हे विचारल्याशिवाय त्यांनी कुणाला गाडीत बसवलं नाही. खिसेकापू, दारुडे, बायकोला मारणारे, सगळ्यांना विचारलं. एका सराईत चोराने तर साहेबांसमोर सांगितलं होतं, "अटक व्हायची तर एकबोट्यांच्या हातून व्हावी. जावयाचा मान मिळतो."

साहेबही हसले होते. एकबोटे हसले नव्हते.

पोलिसात येण्याआधी ते सैन्यात होते. एकच लढाई पाहिली, पण ती पुरली. माजी सैनिक म्हणून पोलिसात जागा मिळाली, तेव्हा भरतीच्या अधिकाऱ्याने त्यांचं पदक पाहून उभं राहून हात मिळवला. ते पदक पुढे घरात शिवणाच्या डब्यात गेलं, दोरे आणि बटणं यांच्या सोबतीला. बायकोने एकदा ते काचेत बसवून भिंतीवर लावायचं ठरवलं. एकबोटे म्हणाले, "भिंतीला खिळा मारू नकोस, पोपडे निघतील." तिने डब्याचं झाकण लावलं. पोपड्यांची फिकीर त्यांना कधीच नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

पदक ज्या दिवसासाठी मिळालं तो दिवस असा होता.

डोंगराच्या धारेवर बर्फात त्यांची चौकी होती. आदल्या दिवशी त्यांचा मोर्च्यातला सोबती गेला. सगळे त्याला शिट्टी म्हणायचे, कारण तो झोपेतही शिट्टी वाजवतो अशी थट्टा होती. तोफेचा एक तुकडा लागला आणि शिट्टी पाणी मागायच्या आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात वाट चुकून शत्रूचा एक शिपाई थेट चौकीपाशी आला. मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने बंदूक टाकली आणि हात वर केले. तुकडीच्या प्रमुखाने सांगितलं, याला जिवंत खाली न्या, तोफा कुठे लावल्यात ते याला माहीत असणार. नेणार कोण? एकबोटे म्हणाले, मी.

त्यांनी त्याचे हात पुढे घेऊन टेलिफोनच्या तारेने बांधले. त्यांच्या स्वतःच्या कमरेला कापडी पट्टा होता. तो वापरता आला असता. पण तार हाताशी होती आणि शिट्टीचं पांघरूण अजून मोर्च्यात तसंच पडलेलं होतं. त्यांनी तार तीनदा फिरवली आणि पक्कडीने पिळली. पोराचे हातमोजे आधी काढून घेतले होते. चांगले लोकरीचे होते आणि यांचे भिजलेले होते. ते त्यांनी स्वतः घातले.

वाट अवघड होती. अर्धा दिवस गेला. पोरगा पुढे आणि हे मागे. तो मधेच थांबायचा, वळायचा आणि बांधलेले हात पुढे धरायचा. बोलायचा काहीतरी. भाषा कळत नव्हती. पण बांधलेले हात पुढे धरणाऱ्या माणसाला काय हवंय, हे कळायला भाषा लागत नाही. एकबोट्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. त्यांनी बंदुकीच्या टोकाने 'चल' अशी खूण केली. नंतर त्याने हात पुढे करणंही सोडलं. तेव्हा यांना बरं वाटलं होतं, कटकट मिटली म्हणून.

खाली तंबूत डॉक्टरांनी तार कापली. ती रुतून बसली होती. पोराची बोटं निळी नव्हती, त्याच्या पुढच्या रंगाला गेली होती.

"कोणी बांधलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

"दुसरं काही नव्हतं?"

"नव्हतं," एकबोटे म्हणाले. कमरेचा पट्टा डॉक्टरांना दिसत होता. ते त्याच्याकडे पाहून पुन्हा बोटांकडे वळले.

पोराने तोफा कुठे आहेत ते सांगितलं. पुढे त्यामुळे पुष्कळ माणसं वाचली म्हणतात. त्याचे दोन्ही हात मनगटापासून काढावे लागले, हे दवाखान्यातल्या एका सेवकाने सहज बोलता बोलता सांगितलं. एकबोटे तेव्हा जेवत होते. हातमोजे खिशात होते. ते त्यांनी कुठे टाकले, हे त्यांना नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

तर अशी ती फट. ठाण्यात कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. हवालदार मऊ काळजाचे आहेत, एवढंच सगळ्यांचं मत. कुणी तसं तोंडावर बोललं की एकबोटे उठून बाहेर जायचे.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांच्या हाताखाली उंट आला. उंच म्हणून उंट. गाडीच्या दारात त्याचं डोकं रोज आपटायचं आणि रोज तो दाराला शिवी द्यायचा. बाप लहानपणीच गेलेला, घरात आई. पोरगा तल्लख आणि तोंडाळ. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काका, ही हातकडी आहे की बांगडी?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, माप जरा चुकलंय. काकूंना होईल."

एकबोट्यांना तो आवडला. ते त्याला घरी जेवायला नेऊ लागले. बायको म्हणायची, "हा बसून जेवतो की उभ्याने, काही फरक कळत नाही." उंट म्हणायचा, "काकू, मान खाली घातली की डोळे मिटतात माझे, म्हणून मी वाढणाऱ्याकडेच बघतो." मूल नसलेल्या त्या घरात असं बोलणं बरेच दिवस झालं नव्हतं.

मग ती दुपार आली.

गाड्या दुरुस्त करणारा एक कारागीर. सख्ख्या भावाला पान्याने मारलं म्हणून त्याला पकडायला दोघं गेले. माणूस काडीसारखा, मनगटं पोराबाळांसारखी आणि कोपरापर्यंत वंगण. तो पळाला नाही. एकबोट्यांनी कडी घातली, बोट फिरवलं.

उंट शेजारीच होता. हळू आवाजात म्हणाला, "काका, कडी एक दात अजून आवळा."

"राहू दे."

"हात तेलकट आहेत त्याचे."

"राहू दे म्हटलं ना."

त्यांनी खीळ दाबली. दुखतंय का, म्हणून विचारलं. कारागिराने मान हलवली.

उंट मागे त्याच्याजवळ बसला. एकबोटे पुढे, चालकाच्या शेजारी. वळणावर गाडी हळू झाली तेव्हा मागे धडपड ऐकू आली. एकबोट्यांनी वळून पाहिलं तोवर कारागिराचा एक हात मोकळा झाला होता आणि दुसऱ्या मनगटाला लटकणारी कडी त्याने फिरवून मारली होती. उंटाच्या डाव्या डोळ्यावर.

पुढचं सगळं झटक्यात झालं. एकबोट्यांनी मागचं दार उघडलं, कारागिराला खाली पाडलं, पाठीवर गुडघा रोवला आणि तीच हातकडी पुन्हा घातली. या वेळी फट ठेवली नाही. कडीचे दात कडकड करत शेवटपर्यंत गेले आणि त्यावरही त्यांनी तळहाताने एकदा दाबलं. कारागीर ओरडला. उंट गाडीत दोन्ही हातांनी चेहरा धरून बसला होता आणि चालकाला विचारत होता, "फार लागलंय का रे? फार लागलंय का?"

उंटाला दवाखान्यात उतरवून ते ठाण्यात आले. कारागीर बाकावर बसला. त्याने हात पुढे केले.

एकबोटे जमिनीवर बसले. किल्ली भोकात जाईना. शेवटी कारागिरानेच मनगट वळवून भोक वर आणून दिलं. कडी निघाली तेव्हा तिथे लाल वळ होता, कातडी थोडी फाटली होती. बोटं हलत होती. एकबोट्यांनी ती एकेक करून हलवायला लावली. ड्युटीवरच्या जमादाराला वाटलं, हवालदारांचं डोकं ठिकाणावर नाही.

उंटाचा डोळा गेला.

चौकशी बसली. हातकडी तपासायला पाठवली. तिच्या कुलपातली कमान, म्हणजे स्प्रिंग, झिजलेली निघाली. ठाण्यातल्या सगळ्याच हातकड्यांच्या कमानी झिजलेल्या होत्या, पण तपासायला गेली ती एकच. आणि उंटाने दवाखान्यातून जबाब दिला, की कुलूप आपोआप उघडलेलं मी पाहिलं.

म्हणजे दोष कोठीवाल्याचा. काठ्या, शिरस्त्राणं, दिवे, हातकड्या यांची देखभाल त्याच्याकडे. माणूस तसा आळशी, दुपारी कोठीतच पेंगायचा, आणि एक ताकीद त्याच्या नावावर आधीच होती. दुसरी म्हणजे घरी बसणं. तो एकबोट्यांच्या बाकाशी येऊन उभा राहिला.

"हवालदार, तुम्ही होतात तिथे. माझं कुलूप खरंच उघडलं का हो?"

एकबोटे म्हणाले, "चौकशी चालू आहे."

"ते मलाही ठाऊक आहे. मी तुम्हाला विचारतोय."

"बघू."

कोठीवाला गेला. त्या दिवसापासून तो कोठीत पेंगायचा बंद झाला. सगळ्या हातकड्या काढून, पुसून, तेल देत बसलेला दिसायचा. आता काय उपयोग, म्हणून लोक हसायचे. एकबोटे त्या खोलीवरून जायचं टाळू लागले.

दवाखान्यात उंट पट्टी बांधून बसला होता. त्याची आई पाण्याचं भांडं भरायला गेली तेव्हा तो म्हणाला, "काका, मी सांगितलंय कुलूप उघडलं. तुम्हीही तेच सांगा."

"कुलूप उघडलं नव्हतं."

"मला माहितीय. मी शेजारी होतो. एक दात, म्हटलं होतं मी."

"हो."

"तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. आयुष्यभराच्या नोकरीवर हा डाग कशाला?"

"आणि कोठीवाला?"

"त्याने कधी एका कुलपाला तेल घातलंय? कमानी झिजल्यात हे खोटं आहे का?" मग त्याचा आवाज खाली आला. "काका, माझा डोळा गेलाय. आता याचं काय करायचं, एवढं तरी मला ठरवू द्या."

एकबोटे उभेच होते. उंटाची आई आली. तिने त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही होतात म्हणून पोरगा जिवानिशी वाचला." ते स्टुलावर बसले. बसवत नव्हतं, तरी बसले.

घरी ते ताटावर नुसते बसून राहिले. बायको वाढून समोर बसली.

"बोलायचं असेल तर बोला, नाहीतर जेवा," ती म्हणाली. "दोन्ही अर्धवट करू नका. मी ते लग्नापासून बघतेय."

ते बोलले. कुलपाचं बोलले, उंटाचं बोलले. बर्फातल्या पोराचे हात मात्र तेव्हाही सांगता आले नाहीत. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे खरं बोललात तर उंट खोटा पडतो."

"हो."

"आणि गप्प बसलात तर कोठीवाला मरतो."

"हो."

"आणि तुम्ही?"

"माझं काय, मी दोन्हीकडे आहेच."

तिने त्यांच्या ताटातला भात परत पातेल्यात काढला. "गार झालाय," एवढंच म्हणाली.

चौकशी अधिकारी बाई होत्या. शांत, चष्मा लावणाऱ्या, मध्येच न बोलणाऱ्या. टेबलावर पिशवीत ती हातकडी होती. सगळं ठरल्यासारखं होतं. फक्त एकबोट्यांची सही राहिली होती.

"मॅडम, कुलूप उघडलं नाही," ते म्हणाले. "हात निघाला. मी कडी सैल ठेवली होती."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "तुमचा जोडीदार म्हणतो त्याने पाहिलं."

"त्याच्या डोळ्यावर लागलं होतं. त्याला काय दिसणार?"

"लागण्याआधी पाहिलं म्हणतो."

"पोरगं आहे, मॅडम. माझ्यासाठी बोललं."

ते करून दाखवायला एकबोट्यांनी हातकडी मागितली. स्वतःच्या हाताचा उपयोग नव्हता, पंजा थोराड. मॅडमनी जरा विचार केला आणि आपलं मनगट पुढे केलं. एकबोट्यांनी कडी घातली, बोट आत सरकवलं, फिरवलं, खीळ दाबली. सवयीने विचारलं, "दुखतंय का?" मॅडमनी अंगठा तळव्यात दुमडला आणि हात ओढला. वंगण नव्हतं, तरी तो निघाला. कडी बंदच होती. खोलीतला कारकून उठून उभा राहिला होता, तो पुन्हा बसला.

मॅडम मनगट चोळत म्हणाल्या, "एवढी वर्षं तुम्ही अशीच घालत होतात?"

"हो."

"आणि कुणी सुटलं नाही?"

"नाही. सुटता येतं हे त्यांना कळलं नसावं. किंवा कळूनही बसून राहिले."

मॅडमनी फाइल चाळली. "तुम्ही लढाईत होतात. पदक आहे. हवालदार, लढाईतून आलेल्या माणसांच्या मनावर परिणाम राहतो. मी तसं लिहू शकते. शिक्षा सौम्य होईल."

"लढाई मध्ये आणू नका, मॅडम."

"का?"

"तिथे मी घट्ट बांधलं होतं."

मॅडमनी वाट पाहिली. त्यांनी जबाब लिहून घेतला आणि सही घेतली.

कोठीवाला वाचला. त्याने येऊन आभार मानले नाहीत. जिन्यात समोर आला तेव्हा म्हणाला, "मी विचारलं त्याच दिवशी सांगायचं होतं. बायकोने तोवर गावाला जायचं सामान बांधलं होतं." आणि बरोबरच होतं त्याचं. एकबोट्यांना एक पद खाली उतरवलं आणि निवृत्तीपर्यंत फाटकावर बसवलं. ते त्यांना इतकं कमी वाटलं की आदेश त्यांनी दोनदा वाचला. कारागिराच्या मनगटावरच्या वळाबद्दलही त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. त्याची दखल कुणी घेतली नाही.

फटका बसला उंटाला. खोटा जबाब दिला असा शेरा त्याच्या नावावर आला. एका डोळ्याने बाहेरचं काम जमणार नव्हतं, म्हणून प्रशिक्षण केंद्रात शिकवायला घेऊ, असं साहेबांनी त्याला कबूल केलं होतं. खोटा जबाब देणाऱ्याला तिथे कसं घेणार? त्याला टपालाच्या खोलीत बसवलं.

एकबोटे त्याच्या घरी गेले. आई दाराशी आली. या वेळी भाऊ म्हणाली नाही. "तो झोपलाय," म्हणाली. आतून रेडिओ चालू असल्याचा आवाज येत होता.

ते पुन्हा गेले. मग पुन्हा. डोळ्याच्या दवाखान्यात त्याला नेणारं कुणी नव्हतं, आईचे गुडघे धरलेले. तेव्हा ते जाऊन दारात आपली जुनी गाडी उभी करून बसू लागले. उंट येऊन मागे बसायचा. पुढची जागा मोकळी असायची. जाताना गप्प, येताना गप्प. एकदा फक्त म्हणाला, "मी तुमच्यासाठी खोटं बोललो. तुम्ही खरं बोलून मला एकटं पाडलंत."

"हो," एकबोटे म्हणाले.

"हो काय? काहीतरी म्हणा की."

त्यांना म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. कोठीवाल्याचं होतं, बर्फातल्या वाटेचं होतं. पण त्यातलं काहीही उंटासमोर ठेवलं की ती क्षमेची मागणी झाली असती, आणि ती मागायला आपलं तोंड नाही असं त्यांना वाटत होतं. ते गाडी चालवत राहिले. आरशात उंट खिडकीबाहेर बघत होता. ज्या बाजूने दिसत नव्हतं त्याच बाजूला तोंड करून.

असे बरेच महिने गेले. फाटकावरची नोकरी संपली. निरोपसमारंभ नको, असं त्यांनीच सांगून टाकलं होतं.

एका सकाळी ते गाडी उभी करून थांबले, तर उंट खाली येईना. त्याच्या आईने वरून हाक मारली, "वर या. तो चहा करतोय." ती बाजारात निघाली होती. जिन्यात दोघांची गाठ पडली तेव्हा ती अंग चोरून बाजूला झाली, पण म्हणाली, "सांडतो फार. रागावू नका."

स्वयंपाकघरात उंट ओट्यापाशी उभा होता. किटली हातात. समोर दोन कप. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. कळेल हळूहळू, सवयीने, असंही सांगितलं होतं. ओट्यावर चहाचं तळं झालं होतं. किटलीचं तोंड कपाच्या अलीकडेच वाकत होतं. पुन्हा ओतला, पुन्हा बाहेर पडला. एकबोटे दारात उभे राहून बघत होते.

"नुसतं बघू नका," उंट मान न वळवता म्हणाला. "कप धरा."

त्यांनी कप उचलून धरला. उंटाने किटली वाकवली. धार कपाच्या काठावर आली, घसरली आणि त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे गेली. चहा उकळता होता. एकबोट्यांनी हात हलू दिला नाही.

उंट थांबला. "भाजलं का?"

"नाही."

"काका, आता तरी खोटं बोलू नका."

एकबोट्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. कातडी लाल होत चालली होती.

"भाजलं," ते म्हणाले. "खूप भाजलंय."

उंटाने किटली ओट्यावर ठेवली, नळ सोडला आणि त्यांचा हात पाण्याखाली धरायला हात पुढे केला. पहिल्यांदा तो चुकला, हवेतच गेला. दुसऱ्यांदा कोपर सापडलं. तिथून चाचपत तो मनगटापर्यंत खाली आला.